कार-टी उपचारासाठी सीमाभागातून निघताना: आधी ब्लॉक, मग पैसा

केमो संपली, काही महिने बरे गेले, आणि गाठ पुन्हा वर आली. डॉक्टर म्हणाले, "आता कार-टीचा विचार करायला हवा, मुंबईला नाहीतर बेंगळूरला दाखवा." घरी पोचेपर्यंत फोन सुरू होतात. कुणी म्हणतं शेत काढूया, कुणी एखाद्या क्लिनिकचा पत्ता पाठवतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या अशा घरांसाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं एकच आहे: बायोप्सीच्या ब्लॉकवरून (मेणात बसवून ठेवलेल्या तुकड्यावरून) निदान पक्कं झाल्याशिवाय आणि "हा उपचार आमच्या आजाराला लागू आहे का" याचं उत्तर रक्तविकारतज्ज्ञाकडून मिळाल्याशिवाय सातबाऱ्याला किंवा दागिन्यांना हात लावू नका. आणि हे उत्तर लवकर मिळवा, कारण या उपचारात उशीर फार महाग पडतो.

हा उपचार म्हणजे नेमकं काय

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये टी पेशी असतात. जंतू लागलेल्या किंवा बिघडलेल्या पेशी ओळखून मारणं हे त्यांचं काम. कर्करोगाच्या पेशी त्यांना चकवतात. कार-टीमध्ये रुग्णाच्याच टी पेशी काढून घेतात, प्रयोगशाळेत निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीनं त्यांच्यात एक नवा जनुक घालतात, आणि त्यामुळे त्या पेशींच्या अंगावर एक नवा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे खूण ओळखणारा भाग) तयार होतो. हा ग्राहक कर्करोगाच्या पेशीवरची एक ठरावीक खूण ओळखतो. अशा पेशी कोट्यवधींनी वाढवून सलाइनसारख्या शिरेतून परत देतात. त्या अंगात गेल्यावर आणखी वाढतात, म्हणून डॉक्टर याला जिवंत औषध म्हणतात.

अमेरिकेत पहिल्या कार-टीला मंजुरी मिळाली ऑगस्ट २०१७ मध्ये, आणि तेव्हा एका रुग्णाच्या औषधाची किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर. आपल्याकडे आयआयटी मुंबईतले प्रा. राहुल पुरवार आणि टाटा स्मारक केंद्रातले डॉक्टर यांनी मिळून 'नेक्सकार१९' तयार केलं. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेनं त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटी मुंबईत त्याचं लोकार्पण केलं. जानेवारी २०२५ मध्ये बेंगळूरच्या इम्युनील कंपनीचं 'कारटेमी' आलं. म्हणजे आपल्या भागातून दोन्ही दिशांना, मुंबईकडे आणि बेंगळूरकडे, वाट आहे. दहा वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

पहिली पायरी: तुमचा आजार यात बसतो का

इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

भारतात मंजूर असलेली ही औषधं 'सीडी-१९' नावाची खूण ओळखतात. ही खूण बी पेशींवर, म्हणजे प्रतिपिंडं तयार करणाऱ्या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींवर, असते. त्यामुळे बी पेशींचा लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) आणि बी पेशींचा तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग), तेही आजार उलटला असेल किंवा आधीच्या औषधांना दाद देत नसेल तर, असे रुग्ण यात येतात. नेक्सकार१९ ला मंजुरी मिळाली ती १५ वर्षांवरील रुग्णांसाठी. लहान मुलांसाठी चाचण्यांबद्दल टाटामधल्या बालकर्करोग विभागात विचारा. मायलोमाची (अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कर्करोगाची) खूण वेगळी, 'बीसीएमए', आणि त्याची औषधंही वेगळी. टी पेशींचा लिम्फोमा असेल तर सीडी-१९ चं औषध उपयोगाचं नाही. कागदावर नुसतं "लिम्फोमा" लिहिलेलं पुरत नाही, ते एवढ्यासाठीच.

तोंड, स्तन, फुप्फुस अशा अवयवांत होणाऱ्या घट्ट गाठींच्या कर्करोगांची गोष्ट निराळी. तिथं योग्य खूण सापडणं अवघड, सापडलीच तर तीच खूण निरोगी अवयवावरही असण्याचा धोका, आणि टी पेशींना घट्ट गाठीच्या आत शिरून टिकून राहणंही जमत नाही. तरी काही दुर्मिळ कर्करोगांत वाट उघडली आहे. सायनोव्हियल सार्कोमा हा सांध्यांजवळ होणारा, बहुधा तरुणांना गाठणारा दुर्मिळ कर्करोग. त्यासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत टी पेशींचं एक औषध मंजूर झालं. तेही सरसकट नाही: रुग्णाचा ऊतींचा प्रकार (एचएलए) जुळावा लागतो आणि गाठीवर 'मेज-ए४' ही खूण असावी लागते. त्याच वर्षी फेब्रुवारीत मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी, गाठीतच शिरलेल्या टी पेशी काढून वाढवून परत देण्याचा उपचार तिथं मंजूर झाला. या मंजुऱ्या अमेरिकेतल्या आहेत. इथं कुणी "तेच औषध देतो" म्हणालं तर भारतातल्या परवान्याचा कागद मागा.

निपाणी भाग तंबाखूचा, आणि तोंडाचा कर्करोग आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्या रुग्णांना कार-टीसाठी पळवू नका. मात्र 'इम्युनोथेरपी' या नावाखाली दुसरी औषधं येतात, जी टी पेशींवरचा ब्रेक काढतात. टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या पुढे गेलेल्या कर्करोगात तोंडावाटे घ्यायच्या औषधांच्या जोडीला निव्होलुमॅब अगदी कमी मात्रेत, तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम, देऊन पाहिलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण घरात असेल, तर "कमी मात्रेची इम्युनोथेरपी आम्हाला चालेल का" हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. खर्च झेपण्यातला आहे आणि बऱ्याच घरांना हे ठाऊकच नसतं.

दुसरी पायरी: ब्लॉक आणि स्लाइड

बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. अंगठ्याच्या पेराएवढी, वर नंबर असलेली मेणाची वडी. त्याचे पातळ काप काचेवर घेतले की स्लाइड. रिपोर्टची झेरॉक्स घेऊन मुंबईला गेलात तर तिथले डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणतील, "ब्लॉक आणा." मग एक माणूस परत बेळगावला, आणि त्यात आठवडा जातो.

म्हणून निघण्याआधी जिथं बायोप्सी झाली त्या पॅथॉलॉजी विभागात लेखी अर्ज द्या, ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागा, नंबर रिपोर्टशी जुळतो का ते तिथंच पाहा. ब्लॉक कडक प्लास्टिकच्या डबीत ठेवा. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. बरोबर आयएचसीचा म्हणजे खुणा तपासल्याचा रिपोर्ट, ल्युकेमिया असेल तर फ्लो सायटोमेट्रीचा रिपोर्ट, पेट स्कॅनची सीडी, आणि आतापर्यंत कोणती केमो किती वेळा दिली त्याचं डिस्चार्ज कार्ड. आजार उलटला असेल तर नव्यानं बायोप्सी करून सीडी-१९ अजून आहे का, हे बघावं लागू शकतं.

आता आपल्या भागाचं खास दुखणं. रेशनकार्ड कानडीत, आधार इंग्रजीत, शाळेचा दाखला मराठीत. एकीकडे "लक्ष्मण परशराम", दुसरीकडे "लक्ष्मणा", तिसरीकडे आडनाव आधी. दवाखान्याच्या फाइलवर जे नाव पहिल्या दिवशी लागतं तेच पुढे योजनेच्या अर्जावर, विम्यावर आणि पेशींच्या पिशवीवर जातं. पेशी ज्याच्या त्यालाच द्यायच्या असल्यामुळे तिथं नाव आणि नंबर पुन्हा पुन्हा पडताळतात. तेव्हा आधारवरचं स्पेलिंग हेच सगळीकडे धरा, आणि रेशनकार्डात फरक असेल तर आधीच दुरुस्त करा किंवा प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

तिसरी पायरी: कुणाला दाखवायचं

बेळगावात सरकारी बिम्स रुग्णालय आहे, केएलईचं मोठं रुग्णालय आहे, आणि जानेवारी २०२५ मध्ये केएलईच्या कर्करोग रुग्णालयाचं उद्‌घाटन झालं. निदान, केमो, रक्त-प्लेटलेट आणि पुढची देखरेख यासाठी गावाजवळचा डॉक्टर हवाच, त्यांना सोडून जाऊ नका. मुंबईत परळचं टाटा रुग्णालय आणि खारघरचं टाटाचंच संशोधन केंद्र अॅक्ट्रेक. जून २०२१ मध्ये देशातला पहिला कार-टी उपचार अॅक्ट्रेकमध्येच झाला. बेंगळूरला सरकारी किदवाई कर्करोग संस्था आहे, शिवाय कार-टी देणारी खाजगी रुग्णालयं आहेत. निघण्याआधी घरबसल्या मत हवं असेल तर टाटा स्मारक केंद्राशी जोडलेली 'नव्या' ही ऑनलाइन सेवा आहे. रिपोर्ट अपलोड केले की तज्ज्ञांचं लेखी मत मिळतं.

भेटीत हे विचारा आणि उत्तरं वहीत लिहून घ्या: आमच्या आजारावर ही खूण आहे का? मंजूर औषध देणार की चाचणीतलं? या दवाखान्यात आतापर्यंत किती जणांना दिलं? बोन मॅरो ट्रान्सप्लांट आमच्यासाठी जास्त बरं का? पेशी तयार होईपर्यंत आजार कशानं रोखून धरणार? पेशी तयार झाल्याच नाहीत तर पैशाचं काय?

शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. संकोचू नका.

यश किती, हेही थेट विचारा. नेक्सकार१९ च्या चाचणीचे निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात सुमारे ७३ टक्के रुग्णांत उपचाराला प्रतिसाद मिळाला. आधीची औषधं हरलेल्या रुग्णांमध्ये हा आकडा मोठाच आहे. पण प्रतिसाद म्हणजे गाठी कमी झाल्या किंवा दिसेनाशा झाल्या. काहींचा आजार पुढे परत येतो. "शंभर टक्के बरं करतो" म्हणणाऱ्या माणसापुढून उठून या.

चाचणीत नाव घालणार असाल तर ती क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियावर नोंदलेली असलीच पाहिजे. नोंदणी क्रमांक मागा. २०१९ च्या नियमांनुसार संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवं. बेंगळूरला कानडी किंवा इंग्रजी कागद पुढे आला आणि आजीला मराठीच वाचता येत असेल, तर मराठी प्रत मागा आणि ती वाचायला घरी घेऊन या. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हा तुमचा हक्क आहे. उलट, नोंदणी नाही, परवाना नाही, तरी "तुमच्याच पेशींचं पॅकेज" म्हणून कुणी लाखो रुपये आगाऊ मागत असेल, मग पेशींचं नाव एनके असो, डेंड्रिटिक असो की स्टेम सेल, तिथं एक रुपया देऊ नका. घर रिकामं झालं की खऱ्या उपचाराला काही उरत नाही. हे पाहताना जीव तुटतो.

चौथी पायरी: पैसा

नुसत्या औषधाचा खर्च ३० ते ५० लाखांच्या घरात धरा. आयसीयू, जंतुसंसर्ग, रक्त आणि राहणं-खाणं त्यावर.

कर्नाटकची आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देते. एपीएल असाल तर पॅकेजच्या ३० टक्के, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. बहुतेक नियोजित उपचारांसाठी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं, म्हणून आधी बिम्सला जाऊन या. महाराष्ट्र शासनानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. तुमचं गाव यादीत आहे का आणि कोणते कागद चालतात, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. दोन्ही योजनांत ठरलेल्या पॅकेजपुरतेच पैसे मिळतात. केमो, तपासण्या, भरती यांचा भार त्यातून हलका होईल, पण कार-टीच्या औषधाची भिस्त त्यांच्यावर ठेवू नका.

त्यासाठी पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी (खासदारांचं पत्र जोडा), रुग्णालयाचा समाजसेवा विभाग, कंपनीची सवलत आणि ट्रस्ट असे चार-पाच दरवाजे एकाच वेळी ठोठवावे लागतात. सगळीकडे रुग्णालयानं शिक्क्यासह दिलेलं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. ते पहिल्याच भेटीत मागून घ्या आणि प्रती काढून ठेवा. खाजगी विमा असेल तर आगाऊ मंजुरी लेखी घ्या. अनेक पॉलिसींत नव्या उपचारांवर वेगळी मर्यादा असते, फोनवरच्या "होऊन जाईल" वर जाऊ नका.

रेल्वेची सवलत मात्र हमखास घ्या. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण भाडं माफ आहे, सोबत्याला त्याच डब्यात ७५ टक्के. दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. हुबळी-दादर गाडी बेळगाववरून जाते, आणि दादरहून परळ जवळ.

पाचवी पायरी: पेशी काढणं आणि वाट पाहणं

पेशी काढायला शस्त्रक्रिया नाही. एका शिरेतून रक्त मशीनमध्ये जातं, पांढऱ्या पेशी बाजूला होतात, बाकी रक्त परत अंगात. तीन-चार तास पडून राहावं लागतं. ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा. कॅल्शियम कमी झाल्यानं तसं होतं, आणि ते देऊन थांबवता येतं.

यासाठी रक्तात पुरेशा टी पेशी असायला हव्यात. केमोचे फेरे वाढत जातात तशा त्या थकतात, म्हणून आजार उलटल्याबरोबर विचारणा करा, सगळं करून झाल्यावर नको. दुसरं, स्टेरॉइड टी पेशींना मारतं. डॉक्टरांनी दिलेलं असेल तर त्यांना विचारूनच बंद करा. पण बाजारातल्या ताकदीच्या पुड्या, सांधेदुखीची बिननावाची पावडर पूर्ण थांबवा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं अनेकदा आढळलं आहे.

पेशी कारखान्यात जाऊन परत यायला काही आठवडे लागतात. त्या काळात आजार वाढू नये म्हणून मधली केमो किंवा रेडिएशन देतात. घरी यायची परवानगी असेल तर या, पण लग्न, जत्रा, गर्दी टाळा.

सहावी पायरी: भरतीचे दिवस

पेशी देण्याआधी साधारण तीन दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमो देतात, नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून. मग गोठवलेली पिशवी आणून वितळवतात आणि शिरेतून देतात. ते काही मिनिटांचंच काम. खोलीत आणि रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो. तो गोठवताना घातलेल्या रसायनाचा, एक-दोन दिवसांत जातो. घाबरू नका.

खरी कसोटी त्यानंतर. पहिल्या काही दिवसांत ताप चढतो, रक्तदाब उतरतो, धाप लागते. टी पेशी कामाला लागल्यावर रसायनांचा पूर येतो, त्याचा हा परिणाम. संधिवातात वापरतात ते टोसिलिझुमॅब यावर चांगलं चालतं, आणि ते वॉर्डात हाताशी असतं. दुसरा त्रास मेंदूचा: शब्द न सापडणं, गोंधळ, हात थरथरणं, क्वचित फिट. तो थोडा उशिरानेही येऊ शकतो.

हा दुसरा त्रास पकडण्यात सोबत्याचा वाटा फार मोठा आहे. नर्स दिवसातून दोन-तीनदा विचारतात: साल कोणतं, महिना कोणता, गाव कोणतं, या तीन वस्तूंची नावं सांगा, शंभरपासून दहा-दहा कमी करत मोजा, आणि एक वाक्य लिहा. अक्षर बिघडणं ही कधीकधी सगळ्यात पहिली खूण असते. आपल्याकडची आजी मराठी शाळेत शिकलेली, नर्सला कानडी किंवा मल्याळम येतं, आणि आजीला इंग्रजीत वाक्य लिहायला सांगितलं तर निकाल काय कळणार? म्हणून पेशी देण्याआधीच वॉर्डात सांगा की वाक्य मराठीत लिहिणार. एकच वाक्य ठरवा, "माझं माहेर जांबोटीला आहे" असं काहीही, आणि पहिल्या दिवसाचा कागद जपून ठेवा. रोज त्याच्याशी ताडून पाहा. लिहिता न येणारा माणूस असेल तर तेही आधी नोंदवून घ्या, म्हणजे त्याला बोलण्यावरून तपासतील. "शंभर, नव्वद, ऐंशी" म्हणताना तो अडखळला, नातवाचं नाव चुकलं, तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका, त्याच क्षणी नर्सला उठवा. सोबतीला त्याची बोली कळणारा माणूसच ठेवा.

सुटी झाल्यावरही पेशी दिल्यापासून साधारण चार आठवडे दवाखान्याजवळच राहायचं असतं. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा, मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. तिथं आधीच नाव द्यावं लागतं. पण प्रतिकारशक्ती उतरलेल्या रुग्णाला मोठ्या हॉलमध्ये ठेवू नका, स्वतंत्र खोली आणि संडास मिळेल तिथंच राहा, मग जेवण साधं का असेना.

सातवी पायरी: गावी परतल्यावर

डिस्चार्ज कार्डाची एक प्रत बेळगावच्या डॉक्टरांना द्या आणि त्यांचं मुंबई-बेंगळूरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं घडवून आणा. १००.४ फॅरेनहाइटच्या वर ताप गेला की घरी पॅरासिटामॉल देऊन थांबायचं नाही, थेट दवाखाना. कणकुंबी, जांबोटीकडचं घर असेल आणि पावसाळा असेल, तर पहिले काही आठवडे टिळकवाडी, शहापूर, जिथं नातेवाईक असतील तिथं राहा. रस्ता बंद आणि मोबाइलला रेंज नाही अशा रात्री ताप चढला तर इलाज उरत नाही. गाडी किंवा ट्रॅक्टर चालवायचा नाही, विहिरीवर पोहरा ओढायचा नाही, डॉक्टर सांगेपर्यंत.

रक्त द्यायची वेळ आली तर "फ्लुडाराबिन आणि कार-टी झालं आहे, किरणोत्सार दिलेलं (इरॅडिएटेड) रक्त लागेल" हे रक्तपेढीला सांगा, आणि ते कुठं मिळतं याची चौकशी आधीच करून ठेवा. सीडी-१९ निरोगी बी पेशींवरही असल्यानं त्या मरतात आणि अंगातली प्रतिपिंडं कमी होतात. त्यामुळे महिनोन्‌महिने जंतुसंसर्गाचा धोका राहतो, काहींना इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, बाहेरून द्यावं लागतं. कोणती लस केव्हा घ्यायची हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, गावातल्या शिबिरात परस्पर घेऊ नका. पुढची तपासणी आणि पेट स्कॅन चुकवू नका. या उपचारानंतर क्वचित दुसरा रक्ताचा कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून वर्षानुवर्षं रक्त तपासत राहायचं असतं. फाइल प्लास्टिकच्या पिशवीत, आणि सगळ्या कागदांचे फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये.